लिंबोणीचं पांघरूण

फार जुनी गोष्ट. तेव्हा परसातली झाडं खराट्याशी भांडायचीसुद्धा. चैत्र सरत आला तशी लिंबोणी धास्तावली. तिने गाळलेली पानं खराटा रोज उकिरड्यावर लोटायचा आणि तिची मुळं उन्हाने भाजायची.

"अरे, ते माझं पांघरूण आहे!"

"पांघरूण कसलं? कचरा आहे नुसता!" खराटा खेकसला.

लिंबोणीने काटेरी फांद्या पार जमिनीला टेकवल्या. खराट्याच्या काड्या मोडल्या, पण आतलं एक पान हललं नाही.

वैशाखात सगळं परस कोमेजलं; लिंबोणी मात्र लिंबांनी लगडली. तिच्याखालची ओली माती पाहून मालकीण साळूबाईने खराटा उचलला आणि अंगणभरचा पाचोळा झाडाझाडाच्या बुंध्याशी लोटायला घेतला.

"नीट पसर रे," लिंबोणी खराट्याला म्हणाली, "मोगऱ्याचे पाय उघडे राहिलेत."