गेनूनं यंत्राला उपास घडवला

एका तालुक्याच्या गावात एक भोळा वॉर्डबॉय होता. नाव गेनू. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. पंचाईत एवढीच, की एकाचं सांगितलेलं तो दुसऱ्याला लावायचा.

गावच्या दवाखान्यात ऑपरेशन करणारं चार हातांचं यंत्र आलं. पहिला नंबर गेनूच्या सोनाआत्याचा. पित्ताच्या खड्यांनी बिचारी चार महिने पेजेवर होती. तिनंच गेनूला लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे त्याचा जीव नुसता तुटायचा. यंत्र चालवायला शिकवणारा इंजिनिअर शहरातून येणार होता, तोही एकाच दिवसासाठी.

गेनूनं यंत्रावर नारळ फोडला. पाणी थेट सांध्यात गेलं.

"अरे गेन्या!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "पाण्याचा थेंब लागता कामा नये! कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि वरपासून खालपर्यंत चादर घालायची."

"बरं बाई. आता चुकायचं नाही."

दुपारी आत्या भरती झाली. पाणी मागू लागली. गेनूनं दिलं नाही. कोरड्या फडक्यानं तिला पुसलं आणि डोक्यापासून पायापर्यंत चादर घातली. भेटायला आलेल्या सुनेनं दारातूनच गळा काढला. मागोमाग सगळा वॉर्ड रडू लागला. चादरीखाली आत्याही रडू लागली. तिला वाटलं, शेजारचं कुणीतरी गेलं.

"अरे, तोंड उघडं ठेवायचं!" बाई धावत आल्या. "अंगावरून हात फिरवायचा, धीर द्यायचा. आणि संध्याकाळनंतर पोटात काही जाऊ द्यायचं नाही. उद्या ऑपरेशन आहे."

"बरं बाई. आता चुकायचं नाही."

गेनू यंत्राकडे गेला. चादर काढली. चारही हातांवरून हात फिरवला. "घाबरू नको, बाई चांगल्या आहेत," म्हणाला. मग भिंतीतली पिन उपटली.

सकाळी इंजिनिअरनं बटण दाबलं. यंत्र ढिम्म.

"कडकडीत उपास केलाय त्यानं," गेनू कौतुकानं म्हणाला. "थेंबभर करंट जाऊ दिला नाही."

बाईंनी कपाळावर हात मारला. "उपाशी ठेवून ऑपरेशन होतं होय रे? आधी पोट गच्च भरावं लागतं!" पिन लावून त्या इंजिनिअरला घेऊन चहाला गेल्या.

"बरं बाई," गेनू म्हणाला, आणि डबा आणायला घरी पळाला.

तीन तासांनी बॅटरी भरली आणि यंत्राचे दिवे हिरवे झाले. इंजिनिअरच्या गाडीला अजून अवकाश होता. बाईंनी हातमोजे चढवले. "आण रे आत्याला."

आत्या आपल्या पायांनी चालत आली, ढेकर देत. पिठलं आणि तीन भाकरी, वर गुळाचा खडा.

"आता पुढच्या महिन्यात," म्हणून इंजिनिअरनं बॅग उचलली. बाई हातमोजे काढून स्टुलावर बसल्या. गेनूला त्यांची दया आली.

"बाई, यंत्र जेवलं, आत्या जेवली. तुम्हीच तेवढ्या नुसत्या चहावर आहात. दोन घास खाऊन घ्या, मग सुरू करू."