पाठमोरं पाखरू

थेक्लाच्या घराला खिडकी एकच, आणि तीसुद्धा रुमालाएवढी. पण त्या खिडकीतून जेवढं म्हणून ऊन आत यायचं, तेवढं सगळं त्या मायलेकी कामाला लावायच्या. कारण त्या लेस विणायच्या, आणि पावाला जशी भट्टी लागते तसं लेसला ऊन लागतं.

विणायच्या म्हणजे, आता एकटी थेक्लाच विणायची. तिची आई, अपोलोनिया, एके काळी गावातली सगळ्यात नाजूक हाताची बाई. पण केसाहून बारीक दोरे बघून बघून बिचारीचे डोळे थकले. गेले दोन हिवाळे तिला नुसता उजेड नि अंधार तेवढा कळायचा. मग नऊ वर्षांची थेक्ला मांडीवर गुबगुबीत उशी घेऊन बसायची, उशीवर टाचण्या टोचायची, लाकडी काड्यांना गुंडाळलेले दोरे टक् टक् इकडून तिकडे टाकायची आणि आई शेजारी बसून सांगायची, "आता दोन पुढे घे. आता पीळ दे. शाब्बास गं माझी सोनुली!" पानं, फुलं, चांदण्या सगळं थेक्लाला जमायला लागलं होतं. घरात रोज पोटभर मिळायचंच असं नाही, पण थेक्ला कधी तोंड पाडून बसायची नाही. हाताशी दोरा आणि शेजारी आई, एवढ्यावर ती खूश असायची.

आता ही गोष्ट कुठली, तर तुमच्या पणजीच्या पणजीच्या वेळची आणि सातासमुद्रापलीकडची. झिल्बरताल म्हणून एक चिमुकलं राज्य होतं. इतकं चिमुकलं, की राजाला शिंक आली तर सीमेवरचे पहारेकरी म्हणायचे, "सांभाळा महाराज, गार वारं आहे!" तिथल्या राजकुमारी अमालियाचं लग्न ठरलं होतं, दूर समुद्रकाठच्या राजपुत्र कॉनराडशी.

आणि झिल्बरतालची एक रीत होती. राजघराण्यातल्या नवरीची लेसची ओढणी विणायची ती थेक्लाच्या गावानंच. घरं बारा, म्हणून पाखरं बारा. प्रत्येक घरानं एक पाखरू विणायचं आणि लग्नाच्या दिवशी सकाळी राजवाड्याच्या बागेत, लख्ख उजेडात, सगळ्या बायांनी ती पाखरं ओढणीला शिवायची. बाराही पाखरं नवरीच्या चेहऱ्याकडे उडत यायला हवीत. सुख असं घरात उडत येतं, असं सगळे मानायचे.

थेक्लानं आपल्या घरचं पाखरू तीन महिने विणलं. पंखात पंख, पिसात पीस! आईनं त्यावरून हळूच बोटं फिरवली आणि तिचा ऊर भरून आला. "एकही टाका सुटला नाही गं," ती म्हणाली.

लग्नाच्या सकाळी राजधानी नुसती झगमगत होती. खिडक्याखिडक्यांतून गुलाबी, निळ्या, पिवळ्या फिती भुरभुरत होत्या. पांढऱ्याशुभ्र घोड्यांच्या कपाळावर चंदेरी तुरे होते. नवी कोरी आगगाडीसुद्धा फुलांच्या माळा घालून स्टेशनात नटून उभी होती, आणि धूर सोडताना लाजल्यासारखी हळूच सुस्कारा टाकत होती. एक फोटोवाले काका काळ्या फडक्यात डोकं घालून सगळ्यांना सांगत होते, "हलू नका! हलू नका!" थेक्ला आईचा हात धरून चालत होती आणि एकेक गोष्ट आईला सांगत होती. "आई, केक! पाच मजल्यांचा! वरच्या मजल्यावर साखरेचे हंस!" आई हसून म्हणायची, "दिसला गं दिसला!"

बागेत पांढऱ्या गुलाबांचे ताटवेच्या ताटवे फुलले होते. बाया हिरवळीवर ओढणी पसरून गोल बसल्या. आईला शिवता येणार नव्हतं, म्हणून थेक्लानं तिला बागेच्या पलीकडच्या कडेला, लिंडेनच्या झाडाच्या सावलीत, बाकावर बसवलं. आपलं पाखरू तिनं कुनिगुंडा आजीच्या टोपलीत, बाकीच्या पाखरांत ठेवलं. ही आजी म्हणजे सगळ्या लेसवाल्यांची म्होरकी, नाकावर चष्मा आणि चष्म्यावर राग! "जा पोरी, कारंज्यावरून पाणी आण," आजीनं फर्मान सोडलं.

कारंज्यापाशी थेक्लाला कुणीतरी बारीक आवाजात बडबडताना ऐकू आलं. बघते तर काय! गुलाबाच्या फांदीवर कोळ्याचं जाळं, जाळ्यात दवाचे थेंब, आणि थेंबांच्या मधोमध एक एवढीशी परी अडकलेली. जाईच्या कळीएवढं अंग, मोरपिशी झगा, आणि पंखांवर सात रंगांची झिलमिल.

"अगं, बघत काय राहिलीस? सोडव ना मला!" परी म्हणाली.

"सोडवते हं, सोडवते. पण तुम्ही हलू नका. हललात की गुंता वाढतो."

"गुंता कसला सोडवतेस? तोडून टाक ते जाळं!"

"तोडू कशी?" थेक्ला कळवळून म्हणाली. "कुणीतरी इतकं जीव लावून विणलंय ते. मला ठाऊक आहे ना, किती वेळ लागतो!"

तिनं फ्रॉकच्या कॉलरची टाचणी काढली आणि एकेक तंतू अलगद उचलला. इकडचा इकडे, तिकडचा तिकडे. कोळी कोपऱ्यात बसून डोळे वटारून बघत होता. बघता बघता परी मोकळी झाली आणि जाळंही जिथल्या तिथे राहिलं.

परीनं पंख झटकले, तशी सोनेरी धूळ उडाली. "गुणाची आहेस गं," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज मधासारखा गोड झाला होता. "माग, एक इच्छा माग. एकच हं! तीन तीन वाटायचे दिवस गेले. आणि अटी आहेत. जिच्यासाठी मागशील, तिचा हात हातात धरून मागायचं. माणसानं हातांनी केलेलं काम जादूनं बदलत नाही, ते आम्हा पऱ्यांनाही जमत नाही. आणि आज लग्नाची मोठी घंटा बारा ठोके देईल. बारावा ठोका पडला की इच्छा संपली."

थेक्लाला विचार करावाच लागला नाही. "माझ्या आईचे डोळे!"

"मग पळ की!" परी हसली.

थेक्ला पळत सुटली. पाय जमिनीवर टेकत नव्हते तिचे. आई बघेल! गुलाब बघेल, केक बघेल, सगळं सगळं बघेल! पण मधल्या हिरवळीपाशी येते, तो तिथे एकच गलका.

"पाठमोरं! पाखरू पाठमोरं आहे!" कुनिगुंडा आजीनं कपाळाला हात लावला होता. "अकरा पाखरं नवरीकडे येताहेत आणि हे एक चाललंय निघून! अशा नवरीचं सुख उडून जातं गं बायांनो! कुणी विणलंय हे?"

थेक्लानं वाकून बघितलं. ते तिचंच पाखरू होतं.

काय झालं होतं, सांगते. लेस नेहमी पालथी विणतात. सगळ्या गाठी, दोऱ्यांची सगळी टोकं आपल्याकडे, आणि लेसचा सुंदर चेहरा उशीकडे. म्हणून उशीवर नक्षीचा कागदी नकाशाही उलटा लावायचा असतो. थेक्लानं सुलटा लावला होता. पानं, फुलं, चांदण्या दोन्हीकडून सारख्याच, त्यामुळे आजवर काही बिघडलं नव्हतं. पाखराला मात्र चोच असते ना! आणि आईनं सगळं शिकवलं, तेवढं एकच सांगायचं राहिलं. मासोळी आपल्या पिल्लाला पाणी ओलं असतं म्हणून कधी सांगते का? ज्या गावात सगळ्यांनाच एखादी गोष्ट ठाऊक असते, तिथे ती कुणी बोलतच नाही.

पाखरू पालथं करावं तर गाठी वर येत होत्या. काढून टाकावं तर भलंमोठं भोक. आणि तेवढ्यात पांढऱ्या रेशमी झग्यात खुद्द राजकुमारी अमालिया बागेत आली. तिनं ओढणी बघितली, पाखरू बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"मला वाटलंच होतं," ती पुटपुटली, आणि एवढा महागाचा झगा घालून खुशाल गवतावर बसली. "मी नाही जात. सांगा त्यांना, मला लग्नच करायचं नाही!" आणि ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली.

झालं! बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. पलीकडे चर्चच्या दारात राजपुत्र वाट बघत उभा, सगळं राज्य रस्त्यावर, आणि नवरी गवतावर. ढण्! मोठ्या घंटेचा पहिला ठोका पडला.

थेक्ला पुढे झाली. ती म्हणाली, "राजकुमारी, ते मी विणलं. नकाशा सुलटा लावला. चूक माझी आहे, आणि मला फार फार वाईट वाटतंय."

राजकुमारीनं वर बघितलं आणि बुडणाऱ्यानं काठ धरावा तसा तिचा हात घट्ट धरला. "तुझ्यावर नाही गं मी रागावले. मला भीती वाटते. इतक्या लांब जायचं. तिकडे माझं कुणी नाही. मला माझी आई आठवेल तेव्हा मी काय करू?"

ढण्! ढण्! लिंडेनच्या झाडाखाली आई उठून उभी राहिली होती आणि हात पुढे करून हाक मारत होती, "थेक्ला! काय झालं गं? कुठे आहेस?" पळत गेलं असतं तर पाच-सहा ठोक्यांत थेक्ला तिच्यापाशी पोचली असती.

तिनं हात सोडवायला बघितलं. "थांब ना," राजकुमारी म्हणाली. "सोडू नकोस." तिचा हात बर्फासारखा गार पडला होता. ढण्!

थेक्लानं एकदा आईकडे बघितलं. मग ती गवतावर राजकुमारीच्या शेजारी बसली आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"राजकुमारी," ती म्हणाली, "अकरा पाखरं तुमच्यासाठी सुख घेऊन येताहेत. येऊ देत की! पण सगळीच तुमच्याकडे आली, तर तुमची खुशाली माहेरी कुणी न्यायची? तुमची आई वाट बघेल ना! एक तरी पाखरू माहेरी जायला नको का?"

ढण्! राजकुमारीनं हुंदका गिळला. "माहेरी?"

"हो. तुम्हाला आई आठवली की ओढणी काढायची आणि त्याच्या कानात सांगायचं. मी त्याचे पंख फार मजबूत विणलेत हो! कितीही लांब उडेल ते."

राजकुमारीनं ते पाखरू मांडीवर घेतलं आणि एकेक पीस निरखून बघितलं. घंटा वाजत होती. नऊ. दहा. थेक्लाचे डोळे भरून आले होते, पण तिनं हात सोडला नाही. अकरा. मग राजकुमारीच्या ओठांवर हसू आलं, आधी थोडंसं, मग पुष्कळ. "खरंच गं," ती म्हणाली, "इतक्या शहाण्यांत हे एकालाही सुचू नये!"

ढण्! बारावा ठोका पडला.

राजकुमारी उठली, झग्याचं गवत झटकलं आणि कुनिगुंडा आजीला म्हणाली, "आजी, ओढणी घाला मला. आणि ऐका, आजपासून या घराण्यातल्या प्रत्येक लेकीच्या ओढणीवर एक पाखरू पाठमोरंच हवं. ते पाखरू थेक्लाच्या घरानंच विणायचं, आणि त्या घरात जोवर विणणारं आहे, तोवर तिथे काही कमी पडता कामा नये." कुनिगुंडा आजीचा जीव भांड्यात पडला. तिनं चष्मा काढला, पुसला आणि थेक्लाचा गालगुच्चा घेतला.

चर्चच्या दारात राजपुत्रानं ओढणी बघितली, पाठमोऱ्या पाखराची गोष्ट ऐकली आणि तो म्हणाला, "त्या बिचाऱ्याला एकट्याला कशाला पाठवायचं? आगगाडी आहे ना! दरवर्षी चेरी फुलल्या की आपणही जाऊ." मग तर राजकुमारी खळखळून हसली, फोटोवाल्या काकांनी ओरडून ओरडून "हलू नका" सांगितलं तरी हसतच राहिली. बिगुल वाजले, फुलं उधळली, टोप्या आभाळात उडाल्या.

आणि थेक्ला? ती लिंडेनच्या झाडाखाली गेली आणि आईच्या कुशीत शिरून ढसाढसा रडली. परी, अटी, घंटा, सगळं सगळं सांगितलं. "आई, तुझे डोळे माझ्या हातात होते गं. मी घालवले."

आईनं तिचे केस सारखे केले. "वेडी गं वेडी! रडणाऱ्या पोरीचा हात सोडून आली असतीस, तर त्या डोळ्यांनी मी तुझ्याकडे कशी बघितली असती? बरोबर केलंस तू."

"अगदी बरोबर!" बारीक आवाज आला. परी लिंडेनच्या पानावरून खाली आली आणि आईच्या बोटावर बसली. "थेक्ला, तुझी इच्छा संपली ती संपली. अट म्हणजे अट. पण आम्हा पऱ्यांनाही वर्षातून एक इच्छा स्वतःसाठी असते. तिला घंटाबिंटा काही नसते. मी दरवर्षी नवे पंख मागते. यंदा जुनेच वापरीन म्हणते."

"परीताई!" थेक्ला डोळे पुसत म्हणाली.

परी लखलखायला लागली. आधी गुलाबी, मग केशरी, मग चांदीसारखी पांढरी. सगळी बाग त्या उजेडात न्हाऊन निघाली, पानापानाला सोन्याची कड आली, आणि उजेड ओसरला तेव्हा आईच्या बोटावर कुणीच नव्हतं.

आईनं डोळे मिचकावले. एकदा, दोनदा. पांढरे गुलाब समोर होते, आभाळात टोप्या उडत होत्या, पण तिचं लक्षच नव्हतं तिकडे. तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला आणि ती बघतच राहिली. थेक्ला रडता रडता हसली.

"अगं बाई!" आई म्हणाली. "पुढचे दात कधी आले गं तुझे?"