धाकू नावाड्याची ओ

फार फार वर्षांपूर्वी, या किनाऱ्यावर अजून एकही देऊळमाता, म्हणजे येशूचं देऊळ, उभी नव्हती तेव्हा, पश्चिमेकडून आलेल्या गलबतातून योनाथ नावाचा माणूस वेळशिंद्याला उतरला. येशूला ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्या हाताखाली तो शिकलेला. गुरूचा निरोप सांगायला आला होता, पण भाषा धड येईना. म्हणून तो आधी आजाऱ्यांची सेवा करू लागला. त्याचा हात कपाळाला लागला की ताप उतरायचा, असं म्हणतात.

खाडीवरचा धाकू नावाडी त्याचा दोस्त झाला. योनाथ त्याच्याच घरी जेवायचा आणि मोडक्यातोडक्या बोलीत निरोप सांगू बघायचा. धाकू म्हणायचा, "सांग रे बाबा सवडीनं. पळून का जातोय तुझा देव?" ऐकायची ती सवड धाकूला कधी झाली नाही.

मग खाडीपलीकडच्या गावात देवीची साथ आली. रीत अशी, की देवी आल्या म्हणजे होडी काठाला बांधून ठेवायची. इकडचं माणूस तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही. पलीकडे धाकूची बहीण मथी नांदत होती, तरी त्यानं होडी बांधली.

"धाकू, मला सोड तिकडे," योनाथ म्हणाला. "मथी आहे तिथे."

"बांधली म्हंजे बांधली, बाबा. गाव मला वाळीत टाकील."

योनाथ ओहोटीच्या चिखलात सरळ उतरला. भरती आली, पण त्याच्या कमरेवर पाणी चढलं नाही, असं म्हणतात.

त्यानं घरोघरी फिरून आजाऱ्यांना पाणी पाजलं. मथी वाचली, आणखी कितीतरी वाचले. शेवटी त्याच्याच अंगावर फोड उठले. एका संध्याकाळी पलीकडून हाक आली, "धाकू होss!" खाडीवरची हाक नावाड्यानं कधी रिकामी जाऊ द्यायची नसते. धाकूनं ती ऐकली, ओळखलीही. पण शेजारी बघत होते, म्हणून तो खाली मान घालून जाळं विणत राहिला.

सकाळी पाहतो तर होडी जागेवर नाही. ती आपणहून दावं सोडून गेली, असं म्हणतात. धाकू पोहत पलीकडे गेला. होडीत योनाथ निजला होता, तो कायमचाच. उशाशी मथी बसली होती.

"दादा, हाक आयकू नाय आली तुला?"

धाकूला रडूही येईना. त्या दिवसापासून तो साथीत, वादळात, हाक येईल तेव्हा होडी सोडू लागला. म्हातारपणी तर कुणी हाक मारली नसतानाही तो दचकून उठायचा आणि "आलो, बाबा!" म्हणत वल्ही उचलायचा. असाच एकदा गेला तो परतला नाही.

आता खाडीवर पूल आहे. तरी चैत्रातल्या एका संध्याकाळी सगळं वेळशिंदे, कुठल्याही देवाचं असो, काठावर जमतं. होडी सोडतात आणि लहानथोर पाण्याकडे तोंड करून ओरडतात, "आलो, बाबा, आलो!" पलीकडून कुणीच हाक मारलेली नसते. पण एकदा द्यायची राहिलेली ओ गाव अजून देतं आहे.