राजाचा वीतभर चेहरा

ऐका मंडळी, थोरांनीही ऐका. फार फार वर्षांपूर्वी, साता समुद्रांपलीकडे, युरोपातल्या एका थंडगार मुलखात एक राजा होता. त्याच्या दारी एक रीत होती. फिर्याद घेऊन येणाऱ्याने आधी देवडीवर टांगलेल्या राजाच्या चित्रासमोर बोलून दाखवायचं. जीभ अडखळली नाही, तरच आत सोडायचं.

चित्र जुनं झालं, तेव्हा नवं काढायला चितारी आला. त्याने राजाला समोर बसवून आधी वीतभर कच्चं चित्र काढलं, नुसत्या चेहऱ्याचं. थकलेले डोळे, एक पापणी जराशी उतरलेली, ओठांवर भोळं हसू.

प्रधानाने नाक मुरडलं. "हा राजा की शेजारचा म्हातारा? जाळून टाक हे. धाक वाटेल असं काढ."

चिताऱ्याने भलंमोठं चित्र काढलं. भुवया चढलेल्या, नजर खाऊ का गिळू अशी. तेच देवडीवर लागलं. कच्चं चित्र जाळायला मात्र त्याचा हात होईना. ते त्याने पेटीत दडवलं.

पुढे एका विधवेच्या मुलाने राजाच्या रानात हरीण मारलं. जन्मभर गलबतावर वल्ही मारायची शिक्षा झाली. ती बाई दोनदा चित्रासमोर उभी राहिली, दोनदा जीभ अडखळून परत फिरली. गलबत सुटायला एक दिवस उरला, तेव्हा ती चिताऱ्याकडे आली.

"बाबा, तुम्ही राजाला जवळून पाहिलंय. तो खरंच असा दिसतो का हो?"

पेटी हाताशीच होती. पण प्रधान आठवला आणि चिताऱ्याची पाचावर धारण बसली.

"असाच दिसतो, बाई," तो म्हणाला. बोलताना त्याला लाज वाटली. वाटली आणि तरी त्याने पेटी उघडली नाही. अशी लाज काय चाटायची आहे?

तिसऱ्यांदाही बाईची जीभ अडखळली. गलबत गेलं.

वर्षाने राजा स्वतःच चिताऱ्याच्या घरी आला. "माझ्या दारी हल्ली कुणी येत नाही. आधी वाटलं, लोक सुखात आहेत. आता शंका येते रे."

चिताऱ्याला राहवेना. त्याने पेटी उघडली आणि सगळं सांगितलं. राजाची मान खाली गेली. आपल्याच देवडीवर काय टांगलंय, हे त्याने कधी निरखून पाहिलं नव्हतं. त्याने कच्चं चित्र देवडीवर लावलं आणि त्या गलबताच्या शोधात माणूस धाडला. माणूस रिकाम्या हाताने परतला. मुलगा तापाने गलबतावरच गेला होता.

ते सांगायला राजाने बाईला बोलावलं. ती देवडीवर थबकली. त्या लहानशा चेहऱ्याकडे बघत राहिली.

"या माणसाशी तर मी बोलले असते," ती म्हणाली.

शेजारी उभ्या चिताऱ्याला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तात्पर्य: खरं सांगायच्या वेळी जो भिऊन गप्प बसतो, त्याची मागाहूनची लाज कुणाच्याच कामी येत नाही.