म्हाळू काम शिकतो

एका गावात एक भोळा तरुण होता. नाव म्हाळू. अंगानं धडधाकट, मनानं गरीब. सांगितलेलं ऐकायचा, आणि अगदी सांगितलं तसंच करायचा. त्रास तेवढाच होता.

म्हाळूचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी पलीकडच्या गावची, गोजरा. तिचे वडील तुळशीराम यांनी एकच अट घातली. जावयाला हातानं करायचं एक तरी काम यावं. पुढच्या सोमवारी पोरीला घर दाखवायला आणतो, तेव्हा विचारीन, असं सांगून ते गेले.

म्हाळूची आई, सगुणाबाई, काळजीत पडली. म्हाळू यापूर्वी सुताराकडे महिनाभर काम बघायला जात होता. महिन्यानंतर त्याला न हलता बसायला फार छान यायला लागलं होतं.

आई म्हणाली, "म्हाळू, नुसतं बघून काही येत नाही. कामात हात घालावा लागतो."

"हात घालायचा. कळलं," म्हाळू म्हणाला.

मंगळवारी तो आबा कुंभाराकडे गेला. आबा चाकावर रांजण चढवत होते. म्हाळूनं बाही वर केली आणि फिरत्या रांजणात कोपरापर्यंत हात घातला. रांजण एका बाजूला कलला, मग बसला, मग त्याची पोळी झाली.

आबांनी चाक थांबवलं. "हे काय केलंस?"

"हात घातला."

"अरे, ओल्याला असा हात लावू नये. वाळू द्यावं. भाजून निघालं की बोटानं ठोकून बघावं. टणटण वाजलं तर पक्कं. बद्द वाजलं तर कच्चं, परत भट्टीत."

"आता कळलं," म्हाळू म्हणाला. आणि वाटभर पुटपुटत घरी गेला: टणटण पक्कं, बद्द कच्चं.

बुधवारी तो दौलत न्हाव्याच्या दुकानात गेला. खुर्चीत शाळेचे हेडमास्तर बसले होते. मानेला फडकं, हातात पेपर. दौलतनं त्यांचं डोकं भिजवलं आणि म्हाळूला म्हणाला, "मी वस्तऱ्याला धार लावून आणतो. तोवर तू केसातून कंगवा फिरव."

म्हाळूनं बघितलं. डोकं ओलं होतं. ओल्याला हात लावायचा नव्हता. तो थांबला. मास्तरांचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झाला. डोकं वाळलं. मग म्हाळूनं बोट वाकवून टाळूवर तीनदा ठोकलं आणि कान लावला.

"काय चाललंय?" मास्तरांनी विचारलं.

"बद्द वाजतंय. कच्चं आहे."

"काय कच्चं आहे?"

"डोकं. परत भाजावं लागेल."

हेडमास्तर उठले आणि फडक्यासकट निघून गेले. तेवढ्यात दौलत आला. त्यानं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"डोकं ठोकून बघायचं नसतं रे बाबा. चांगलं भिजवायचं. मग एका कडेनं साफ उतरवत जायचं. हात फिरवला तर एक खुंट लागता कामा नये."

"आता कळलं," म्हाळू म्हणाला. आणि वाटभर पुटपुटत गेला: भिजवायचं, उतरवायचं, खुंट ठेवायचा नाही.

गुरुवारी तो कोंडिबा माळ्याच्या मळ्यात गेला. कोंडिबा म्हणाले, "वांग्याच्या वाफ्यात फार गवत झालंय. तेवढा वाफा साफ कर. मी बाजारात जाऊन येतो."

म्हाळूनं वाफा चांगला भिजवला. मग विळा घेतला आणि एका कडेनं उतरवत गेला. गवत गेलं. वांगी गेली. दुपारी त्यानं सगळ्या वाफ्यावरून तळहात फिरवला. एक खुंट लागला नाही.

कोंडिबा परत आले. कापलेली वांग्याची झाडं उचलून त्यांनी बांधावर ठेवली आणि तिथंच बसले. म्हाळू त्यांच्याशेजारी बसला. आपण काहीतरी वाईट केलंय, एवढं त्याला पहिल्यांदाच जाणवलं.

"काका, परत लावता येईल का?"

कोंडिबांनी त्याच्याकडे बघितलं. मग उठून मिरचीची रोपं आणली. एक रोप त्याच्या हातात दिलं.

"माझ्याबरोबर कर. बघत बसू नको. खड्डा घे. रोप सरळ धर. माती लोट, पायानं दाब. शेजारी काठी रोव, सैलसर बांध. तांब्याभर पाणी घाल. आणि ऊन अडणार नाही असं बघ."

पहिलं रोप आडवं पडलं. दुसरं तिरकं उभं राहिलं. तिसरं सरळ राहिलं. मग शनिवारपर्यंत म्हाळूनं चारशे रोपं लावली, आणि चारशेच्या चारशे उभी राहिली. कोंडिबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हाळूला इतका आनंद झाला, की तो घरी जाताना काहीच पुटपुटला नाही. आता हातालाच पाठ झालं होतं.

सोमवारी तुळशीराम गोजराला घेऊन आले. पोहे झाले, चहा झाला.

"मग, कुठं शिकलात?" तुळशीरामांनी विचारलं.

"कुंभाराकडे, न्हाव्याकडे आणि माळ्याकडे."

"आठवड्यात तीन ठिकाणी." तुळशीराम खूश झाले. तिथं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, आणि सगुणाबाईंनी सांगितलं नाही. लग्न पक्कं झालं. मग तुळशीरामांनी म्हाळूचे हात हातात घेतले.

"जावईबापू, माझी पोर म्हणजे कोवळं रोप आहे. आमच्याकडनं उचलून तुमच्या मातीत लावायचंय. नीट रुजवा, एवढंच मागणं."

"एवढंच ना," म्हाळू म्हणाला. "ते मला चांगलं येतं."

सगुणाबाई आणि तुळशीराम तारीख काढायला पंचांग घेऊन बसले. म्हाळू गोजराला परसात घेऊन गेला आणि कुदळीनं खड्डा घेऊ लागला.

"हे कशाला?" गोजरानं विचारलं.

"तुम्हाला रुजवायचंय. तुमच्या वडिलांनी सांगितलंय."

गोजराचा चेहरा उजळला. "मावशी म्हणाली होती, सासरी पाय रोवून उभी राहा. मी विचारात पडले होते, कसे रोवायचे ते दाखवणार कोण." आणि लुगडं थोडं वर खोचून ती आपणहून खड्ड्यात उतरली.

तारीख निघाली. तुळशीराम पोरीला हाक मारत परसात आले आणि जागच्या जागी थांबले. गोजरा गुडघ्यापर्यंत मातीत उभी होती. शेजारी काठी, कमरेला सैलसर दोरी. म्हाळू दुसरा तांब्या ओतत होता.

"गोजरे," तुळशीराम कसंबसं म्हणाले, "हे काय?"

"बाबा," गोजरा म्हणाली, "जरा बाजूला व्हा. ऊन अडतंय."