तीन तासांचा वळसा

“मग विमान वळवलंस की नाही?” मथुआईंनी विचारलं.

कॅप्टन यशोधन राजाध्यक्षांनी खांद्यावरची पिशवी ओसरीवर टेकवली. खाडीकाठच्या त्या लहानशा मठात ते दरवर्षी यायचे, मठ सांभाळणाऱ्या मथुआईंपाशी दोन दिवस राहून जायचे. या खेपेला मात्र चार ओळींचा राजीनामा खिशात घालून आले होते.

“वळवलं. वळवावंच लागलं.”

आई ओसरीवर पावटे सोलत होत्या. कॅप्टननी सुपातल्या दोन शेंगा उचलून सारवलेल्या जमिनीवर लांब लांब ठेवल्या.

“ही मुंबई. हे फ्रँकफर्ट. मधल्या एका देशात लढाई पेटली आणि त्यांनी आपलं आकाश बंद केलं. आम्ही वाटेत असताना.”

“आकाश बंद केलेलं दिसतं कसं रे?”

“दिसत काहीच नाही, आई. समोर निळंच असतं. नुसता निरोप येतो, इकडून जाऊ नका. मग कचेरीतली माणसं नवी वाट आखून पाठवतात. मी दक्षिणेला वळलो. मस्कतला उतरून इंधन घेतलं, अख्ख्या वाळवंटाला वळसा घातला. तीन तास उशीर! एकोणीस वर्षांत माझ्या चुकीनं विमान दहा मिनिटंही उशिरा उतरलं नव्हतं. आणि आता म्हणे, आकाश उघडेपर्यंत रोज असंच जायचं.”

आईंनी जमिनीवरचं फ्रँकफर्ट उचललं आणि सोलून टाकलं.

“निरोप आला आणि लगेच वळलास?”

कॅप्टननी जमिनीवरची मुंबई बोटानं उगाच सरळ केली.

“…चार मिनिटं वळलो नाही.”

“चार मिनिटं काय केलंस?”

“हद्द अजून लांब होती… शेजारची को-पायलट दोनदा म्हणाली, सर, वळू या. पण मी… मी आपली एकोणीस वर्षंच आठवत बसलो होतो.”

आईंचे हात थांबले.

“मागे माणसं किती होती?”

“दोनशे चौदा.”

“उतरली?”

“सगळी. धडधाकट.”

आई पुन्हा पावटे सोलू लागल्या. कॅप्टननाच राहवेना.

“त्यांत दोघी म्हाताऱ्या होत्या. वसईच्या, सख्ख्या बहिणी. एक तिथंच लेकाकडे राहणार, दुसरी पुढं कॅनडाला जाणार. पुन्हा गाठ पडेल न पडेल… मी दाराशी उभा राहून एकेकाची माफी मागत होतो. थोरलीनं माझा हातच धरला. म्हणाली, ‘माफी कसली मागतोस बाबा? आमच्या गप्पा अजून अर्ध्यावर आहेत. आणखी जरा लांबून आणायचं नाहीस का?’ माझी काय ही थट्टा, आई!”

आईंनी पदर तोंडाला लावला. पण हसू आवरेना. त्या अशा हसल्या, की मांडीवरचं सूप कलंडलं आणि पावटे ओसरीभर घरंगळले.

कॅप्टन आधी रागावून बघत राहिले. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

“दोघींनी मस्कतला खिडकीतून वाळू बघून टाळ्यासुद्धा वाजवल्या,” ते म्हणाले, आणि त्यांनाही हसू फुटलं. किती महिन्यांनी ते असे हसत होते कोण जाणे.

दोघं गुडघ्यांवर बसून पावटे वेचू लागले. सालपटं कशात भरावीत म्हणून कॅप्टन इकडेतिकडे पाहू लागले. मग त्यांनी खिशातला तो चार ओळींचा कागद काढला, त्याची घडी मोडली आणि सालपटं त्यात भरली.

आईंनी तो कागद कसला, हे विचारलं नाही.

जेवणं झाली. पावट्याची उसळ कॅप्टननी तीनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी चारच्या एसटीची वेळ होत आली, तशा आई त्यांना पोचवायला अंगणात उतरल्या. आणि सरळ फाटकाकडं न जाता मागच्या बाजूला वळल्या. तिकडून सुपारीच्या बागेतून, विहिरीला वळसा घालून, खाडीच्या कडेकडेनं रस्त्याला लागता येई. चांगला अर्ध्या तासाचा फेरा.

“आई, फाटक इकडे आहे. बंद आहे का?”

“छे, उघडं आहे,” आईंनी त्यांचा हात धरला. “पण आपल्या गप्पा अजून अर्ध्यावर आहेत. म्हणून लांबून जाऊ.”