उजव्या हाताचा घास

“म्हणजे एवढंसं मेलं, आणि सगळा हात गेला?”

चिंधेबुवांनी विचारलं. जीभ जड झाली होती. वाक्य पुरं व्हायला वेळ लागला.

डॉ. बेलवलकरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मेंदूच्या डाव्या बाजूला बोराएवढा डाग दिसत होता.

“उजवा हात या डाव्या बाजूच्या ताब्यात. बोलणंही इथलंच. रक्त पोचलं नाही, तेवढा भाग मेला.”

“परत…?”

“मेलेलं परत येत नाही, बुवा. सहा आठवडे झाले. बोटं जेमतेम थरथरतात. आता डाव्या हातानं जेवायची सवय करा.”

बुवा हाताकडे बघत राहिले. मांडीवर तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडला होता.

“मेंदू करतो तरी काय एवढं?”

डॉक्टरांना हा प्रश्न आवडायचा. सोलापुरात त्यांच्याइतकं मेंदूतलं कुणाला कळत नाही, असं लोक म्हणत. डॉक्टरही म्हणत.

“काय करत नाही ते विचारा! श्वास, झोप, भूक, चाल, आठवण, राग… सगळं त्याच्या हुकमानं. मेंदू मालक. हात नुसता चाकर.”

“आणि मालकच गेला तर?”

“चाकरानं गप्प बसायचं.”

बुवा हसले. अर्धंच तोंड हसलं.

“बरं आहे, तांब्यासाहेब.”

त्यांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायचं होतं. चूक त्यांच्याही लक्षात आली आणि ते आणखी हसले. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : शब्द चुकतात. हाताची आशा नाही.

बुवा टेकडीवरच्या आपल्या मठात परतले.

चार महिन्यांनी त्या बाजूला काम निघालं, म्हणून डॉक्टर टेकडी चढून वर गेले. दुपारची जेवणाची वेळ होती. बुवा पडवीत बसले होते. पुढ्यात भाकरी, आमटी, शेंगांची चटणी. चांगला असलेला डावा हात उपरण्यानं कमरेशी बांधलेला.

“हा हात कुणी बांधला?” डॉक्टर ओरडलेच.

“मी!” चुलीपासून सोनाक्का म्हणाल्या. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. “रोज बांधते. बुवांचीच आज्ञा. पहिले पंधरा दिवस भिंतच जेवली, बघा. बुवा आपले उपाशी.”

“मग भरवायचं नाही का?”

“भरवायला गेले की तोंड मिटायचे. मी रडायची आणि हे हसायचे.”

“या, डॉक्टर,” बुवा म्हणाले. “शब्द सापडला… बसा.”

उजवा हात हलला. हळूच. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, लटपटत वर आला. थोडी आमटी दाढीवर सांडली.

घास तोंडात गेला.

डॉक्टर जोड्यांसकट खाली बसले. सोनाक्कांनी जोड्यांकडे पाहिलं, तसे त्यांनी ते घाईनं काढले.

“माझं बोट दाबा, बुवा.”

बुवांनी दाबलं.

“आई गं! सोडा, सोडा!”

सोनाक्का पदर तोंडाला लावून हसू लागल्या. डॉक्टरांनी बोट चोळलं. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले,

“मेलेला भाग मेलेलाच आहे… शेजारचा भाग पुढे आला. त्यानं हे काम शिकून घेतलं.”

“कुणी शिकवलं त्याला?”

डॉक्टरांनी त्या उजव्या हाताकडे पाहिलं.

“…हातानं.”

“कुणी?”

“हातानं, बुवा. रोज चुकून चुकून.”

“चाकरानं? मालकाला?”

डॉक्टरांनी मान डोलावली.

“मी कागदावर आशा नाही असं लिहिलं होतं,” ते म्हणाले. “चुकलं माझं.”

बुवांनी भाकरीचा तुकडा त्यांच्यापुढे सरकवला. उजव्याच हातानं. डॉक्टरांनी तो घेतला, पण खाल्ला नाही. त्यांचं समाधान होत नव्हतं.

“पण बुवा, हात हलायला तरी आधी मेंदूनंच सांगायला हवं ना? आणि मेंदू शिकायला आधी हात हलायला हवा! मग पहिला कोण? यांच्यात गुरू कोण आणि शिष्य कोण?”

बुवांनी घास चावला. सावकाश गिळला…

“ते दोघं हेच भांडत बसले असते, तर मी उपाशी मेलो असतो.”